चार चुलींची घरपट्टी

ढुंढिराज वझे याला दुसऱ्याची चूक दिसली की तोंड आवरत नसे, आणि स्वतःची कुणी दाखवली तर ते तोंड आणखी सुटे. पोटाचा धंदाही त्यानं तसाच शोधला होता. बनारसच्या एका छापखान्यात तो पोथ्यांची प्रुफं तपासायचा. मोठमोठ्या शास्त्र्यांच्या टीकांवर लाल शाईनं रेघा ओढताना त्याला जे सुख व्हायचं, ते पगाराच्या दिवशी कधी झालं नाही. शाळा जेमतेम चार यत्ता. बाकीचं सगळं छापखान्यात शिकलेला. म्हणून पदवीवाल्यांसमोर तो जरा जास्तच ताठ बसायचा.

घर भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत, दुमजली. खाली तो, बायको आनंदी आणि दोन मुली. वर तीन खोल्या, आणि त्या खोल्यांत काशीवासी. देशावरून, कोकणातून म्हातारी माणसं मरण काशीत यावं म्हणून यायची आणि मरेपर्यंत राहायची. ढुंढिराजच्या वडिलांनी, काशीनाथपंतांनी, ऐन तारुण्यात गंगेत उभं राहून पाणी सोडलं होतं: वरच्या मजल्यावर राहील त्याच्याकडून भाडं घेणार नाही. बाप गेला, मुलानं व्रत चालवलं. चालवलं म्हणजे काय, मिरवलं. छापखान्यात कुणी नवा माणूस आला की आठवड्याच्या आत त्याला कळायचं, की वझ्यांच्या घरात भाडं घेत नाहीत. ते व्रत त्याला कधी जड गेलं नव्हतं, कारण त्याची किंमत कुणी मागितली नव्हती.

ती मागितली सन अठ्ठावीसच्या चैत्रात. चुंगीचा इन्स्पेक्टर आला. म्युनिसिपालिटीला बनारसमध्ये सगळे चुंगीच म्हणत. घरपट्टीची नवी आकारणी चालली होती. इन्स्पेक्टर घामाघूम होऊन जिना चढला, तिन्ही दारांवरची वेगवेगळी कुलपं त्यानं पाहिली, तिन्ही खोल्यांत डोकावला, खाली येऊन वझ्यांच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं.

"क्या लिखा?" ढुंढिराजनं विचारलं.

"चार चूल्हे, चार घर. एक आपका, तीन किरायेदार."

"अहो, ते सोवळं आहे!" ढुंढिराज आधी मराठीतच ओरडला, मग हिंदीत. त्यानं समजावलं, की एकाच्या हातचं दुसरा खात नाही, म्हणून चूल वेगळी. दुसऱ्यानं आत शिरून भांड्यांना हात लावू नये, म्हणून कुलूप वेगळं. ही माणसं भाडेकरू नाहीत, काशीवासी आहेत. आणि त्या टोकाच्या खोलीतला म्हातारा तर माघात वारला, त्याची चूल तेव्हापासून थंड आहे.

"मरा हुआ आदमी किराया देता है क्या?"

इन्स्पेक्टर शांत माणूस होता. वही बंद करत म्हणाला, "वो आप जानिए, पंडितजी. चूल्हा तो है."

महिन्याभरात नोटीस आली. भाड्यानं दिलेलं घर म्हणून घरपट्टी चौपट. प्रुफं तपासणाऱ्याच्या पगारातून ती निघणं शक्य नव्हतं. म्हणजे वरच्यांना भाडं लावायचं, नाहीतर त्यांना काढून दुसरा भाडेकरू ठेवायचा. दोन्हीकडून बापाचं व्रत बुडणार होतं. ढुंढिराजनं चुंगीच्या कचेरीत हरकत नोंदवली. त्याच्या चार पानी अर्जावर तिथल्या कमिटीनं पान खाऊन होईपर्यंत विचार केला आणि तो फेटाळला.

आता राहिलं अपील. त्यासाठी तो विश्वेश्वर पायगुंडे वकिलांकडे गेला. पायगुंडे काशीतल्या तिसऱ्या पिढीतले. मराठी घरात, हिंदी बाजारात आणि इंग्रजी कोर्टात, असं त्यांचं चालायचं, आणि तिन्ही एकमेकांत मिसळायच्या. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा कपाळावर चढवला.

"वझे, मुकदमा सीधा आहे. राहतं घर आणि भाड्याचं घर, दोघांचे भाव वेगळे. वरच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या नाहीत एवढं दाखवायचं. पण पट्टी आधी भरावी लागेल."

"भरावी लागेल? जी चुकीची म्हणून मी भांडायला निघालो तीच?"

"कायदा तसा आहे. आधी भरा, मग भांडा. नाही तर अपील ऐकूनच घेत नाहीत."

"हा कायदा आहे की घाटावरचा पंडा?"

"पंडा निदान संकल्प तरी सांगतो," वकील म्हणाले. "गवाह कोण देता?"

ढुंढिराजनं छापखान्यातून पगाराची उचल घेऊन पट्टी भरली आणि साक्षीदार शोधायला निघाला. गल्लीतल्या दहा घरांत तो गेला. दहाही घरांना माहीत होतं की वझे भाडं घेत नाहीत. पण त्या दहाही घरांत वर यात्रेकरू उतरत होते, आणि ते काही फुकट उतरत नव्हते. शपथेवर उभं राहिलं की अपील ऐकणारे डिप्टीसाहेब विचारणार, तुमच्याकडे वर कोण राहतं? "अहो, तुमचं खरंच आहे हो," असं सगळे म्हणाले, आणि सगळ्यांना नेमक्या त्याच दिवशी बाहेरगावी जायचं होतं. ज्यांनी तीस वर्षांत काशीची वेस ओलांडली नव्हती, त्यांनाही.

राहिली वरची माणसं. शिवरामभटांना ऐकू येत नव्हतं, आणि त्या हिवाळ्यापासून ते माणूसही ओळखत नव्हते. आनंदी रोज सोवळ्यानं जाऊन त्यांच्याच चुलीवर त्यांना भात लावून द्यायची. तेव्हा साक्ष द्यायला उरल्या फक्त कालिंदीकाकू.

काकू देवरुखच्या. यजमान मामलेदार कचेरीत शिरस्तेदार होते. मूलबाळ नाही. चौदा वर्षांपूर्वी लाल आलवणात एक ट्रंक आणि एक कळशी घेऊन आल्या आणि मधल्या खोलीत राहिल्या. पुतण्याची मनिऑर्डर येईल तेव्हा येई. शब्दाला पक्क्या आणि जिभेला तिखट. ढुंढिराजला त्या एकेरी हाक मारत, आणि हे बनारसमध्ये फक्त त्यांनाच माफ होतं.

"कचेरीत यायचं? येईन की," त्या म्हणाल्या. "शिरस्तेदारांची बायको आहे, कचेरीला भिते का मी? कुठं आहे रे ती?"

"वरुणेच्या पलीकडे. एक्का करू."

काकूंनी हातातली वात खाली ठेवली. "मग नाही."

चौदा वर्षांपूर्वी, आल्या त्याच पंधरवड्यात, त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. वरुणा ते असी, या दोन नद्यांच्या मधून पाऊल बाहेर टाकणार नाही, मरेपर्यंत. आणि सरकारनं आपली कचेरी नेमकी वरुणेच्या पलीकडे बांधून ठेवलेली.

ढुंढिराजनं हे पायगुंड्यांना सांगितलं तेव्हा वकील स्वतः आले. जिन्यात उभे राहूनच त्यांनी युक्तिवाद केला.

"काकू, पंचक्रोशीची प्रदक्षिणा शिवपुरावरून जाते, कचेरीच्याही पलीकडून. म्हणजे कचेरी पंचक्रोशीच्या आतच आली. मी पंडितांचं पत्र आणतो, दोषच नाही."

"संकल्प कुणी सोडला, मी की तुमच्या पंडितांनी?"

"तुम्ही, पण..."

"मी वरुणा म्हटलं होतं. पंचक्रोशी म्हटलं नव्हतं. आणि समजा पुलापलीकडे एक्का उलटला अन् मेले, तर तुमचे पंडित येतील का माझ्याऐवजी मरायला?"

वकील हसले आणि जिना उतरले. गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, "बाई खरी आहे हो. हिच्यासारखा एक गवाह मला वर्षाला मिळाला तर मी हायकोर्टात असतो." आणि मग त्यांनी खरंच वकिली केली. डिप्टीसाहेबांपुढे अर्ज दिला, की साक्षीदार वृद्ध विधवा आहे, धर्मव्रतामुळे नदी ओलांडू शकत नाही, तेव्हा साहेबांनी जागेवर येऊन पाहणी करावी आणि तिथंच जबाब घ्यावा. चार तारखा पडल्या. पाचव्या तारखेला साहेबांनी मान्य केलं. ढुंढिराज त्या दिवशी कचेरीपासून घरापर्यंत पायी आला, एक्क्याची आठवणही झाली नाही त्याला.

इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती पुढं, आणि ती ना इन्स्पेक्टरनं केली ना सरकारनं.

अपिलाचा मसुदा पायगुंड्यांनी लिहिला होता. कोरडा, दीड पानी. वरच्या खोल्यांत राहणारे भाडं देत नाहीत, पूर्वीही देत नव्हते, घर मालकाच्या राहण्याचं आहे. बस. पाहणीच्या आधी त्याची नवी प्रत दाखल करायची होती. वकिलांचा मुहर्रिर, म्हणजे कारकून, ती उतरवत बसला होता, शेजारी ढुंढिराज. वीस वर्षं दुसऱ्याच्या मजकुरात हात घालणाऱ्या माणसाला तो कोरडा मजकूर बघवेना. त्यात वझ्यांचं नाव होतं, पण वझ्यांचं मोठेपण कुठं होतं? पायगुंड्यांनी बजावलं होतं, "मसुद्याला हात लावू नका." पायगुंडे तेव्हा दुसऱ्या कोर्टात होते.

त्यानं मुहर्रिरला एक परिच्छेद सांगितला. मुहर्रिरला दोन पानांचे जास्त पैसे सुटत होते, त्यानं त्यावर आपल्याकडूनही मीठमसाला घातला. पायगुंड्यांनी संध्याकाळी घाईत सही केली. वकिलाला स्वतःचंच लिहिलेलं पुन्हा वाचायची सवय नसते.

मग ढुंढिराजनं काकूंची तयारी करून घेतली. चार दिवस, सकाळ संध्याकाळ.

"साहेब विचारतील, भाडं देता का? तुम्ही म्हणायचं, नाही. मी इथं फुकट राहते."

"नाही एवढं पुरे की."

"फुकट म्हणा. ठसठशीत वाटतं."

"तू म्हण," काकू म्हणाल्या.

आनंदीनं खाली त्याला सांगितलं, "अहो, तो शब्द नका घालू त्यांच्या तोंडात. त्यांना लागतो."

"लागायचं काय त्यात? खोटं आहे?"

आनंदी चुलीकडे वळली. नवऱ्याच्या खऱ्याशी तिनं वीस वर्षं संसार केला होता.

पुढच्या वर्षी ज्येष्ठातल्या एका सकाळी डिप्टीसाहेब आले. लखनौकडचे, गोरेपान, अतिशय अदबीचे. त्यांच्याबरोबर कागदपत्रं सांभाळणारा पेशकार, चुंगीचा इन्स्पेक्टर आणि चुंगीचा वकील. घरात ऐसपैस जागा अंगणाचीच, तिथं खुर्ची मांडली. काकू जिन्याच्या तळाशी स्वतःच्या पाटावर बसल्या, पदर कपाळापर्यंत. गल्ली सगळी दारात. जे दहाजण बाहेरगावी जाणार होते तेही.

साहेबांनी वरच्या खोल्या पाहिल्या. थंड चुलीतली राख बोटानं चाचपली आणि म्हणाले, "इसमें तो महीनों से आग नहीं जली." इन्स्पेक्टरनं मान खाली घातली. पायगुंड्यांनी ढुंढिराजकडे पाहून डोळा मिचकावला. जिंकलंच होतं.

खाली येऊन साहेब म्हणाले, "पेशकार साहब, अपील पढ़ दीजिए. माँजी भी सुन लें कि किस बात की गवाही देनी है."

पेशकारानं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. पहिलं पान कोरडं गेलं. मग ढुंढिराजचा परिच्छेद आला.

"...कि ऊपर रहनेवाले ये लोग लावारिस, मोहताज और बेसहारा हैं, जिनका इस दुनिया में कोई पूछनेवाला नहीं, और जो अपीलांट की दया के टुकड़ों पर पड़े अपनी मौत का रास्ता देख रहे हैं..."

पायगुंड्यांची मान गर्रकन वळली. ढुंढिराजला ते वाक्य अजूनही छान वाटत होतं. दारातून कुणीतरी "वाह" म्हणालं.

चौदा वर्षं काशीच्या बाजारात भाजी घेतलेल्या बाईला मोहताज म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. काकूंनी पदर मागं सारला.

"माँजी," साहेबांनी विचारलं, "आप इस मकान का किराया देती हैं?"

"आधी हे सांगा, ते कुणी लिहिलं?" काकूंनी मराठीतच विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली नाही. साहेबांकडे वळून त्यांनी आपल्या हिंदीत सुरुवात केली. "साहेब, लिखो. मेरा नाम कालिंदीबाई. मेरे मालक शिरस्तेदार थे, इंग्रज सरकार के. मैं किसी के टुकड़े पर नहीं पड़ी."

"काकू," पायगुंडे घाईनं म्हणाले, "फक्त हो की नाही."

"तुम्ही गप्प बसा, वकील. सही तुमची आहे ना खाली?" आणि पुन्हा साहेबांना, "इसका बाप गया तब से उसके श्राद्ध को हर साल धोतरजोड़ी देती हूँ. हर महिने घर में घी देती हूँ, देव के लिए बाती देती हूँ. दोनों लड़कियों के बारसे में चाँदी की कटोरी दी. चौदह साल. इसकी बीवी को पूछो."

साहेबांनी आनंदीकडे पाहिलं. ती दाराआड उभी होती. तिनं मान हलवली. खोटं कसं बोलणार? सगळं खरंच होतं. तिनं ते प्रेमाचं म्हणून घेतलं होतं, आणि ढुंढिराजनं तर ते कुठून येतं हे कधी विचारलंच नव्हतं.

चुंगीचा वकील एवढा वेळ झोपेला आलेला, तो उठून उभा राहिला. "माँजी, यह सब कमरे के बदले में?"

"हुजूर!" पायगुंडे ओरडले. "भेट को किराया कहलवा रहे हैं!"

"बोलने दीजिए," साहेब म्हणाले. "माँजी, कमरे के बदले में?"

काकूंनी ढुंढिराजकडे पाहिलं. तो हात जोडून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं हात जोडत होता, आणि तेही त्याला नीट जमलं नव्हतं.

"ढुंढिराजा," त्या मराठीत म्हणाल्या, "काशीत राहून ज्याचं फुकट खावं, काशीवासाचं पुण्य त्याचं होतं. चौदा वर्षं मी नदी ओलांडली नाही. ती चौदा वर्षं तुझ्या पदरात टाकू? तुझा बाप विचारायचा नाही, मी सांगायची नाही, असं आमचं चालत होतं. तू आज भर अंगणात वाचून दाखवलंस." मग साहेबांना, "हाँ. कमरे के बदले में. मेरा मरना मेरे पैसे का है."

पेशकारानं लिहिलं: किराया, जिन्स की शक्ल में. भाडं, वस्तूंच्या रूपानं. काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी अंगठा दिला नाही, सही केली, मोडीत, ठळक.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. मालक भाडं घेत नाही हे त्याच्याच साक्षीदारानं खोटं ठरवलं आहे, सबब थंड चुलीसकट पूर्ण आकारणी कायम. पायगुंड्यांनी निकाल वाचला आणि टेबलावर टाकला.

"याच्यावर आणखी अपील?" ढुंढिराजनं विचारलं.

"नाही. इथं रस्ता संपला." मग पायगुंडे चिडले. चिडले ते खरे स्वतःवर, पण बोलले त्याला. "माझं कोरडं दीड पान होतं, वझे. त्यात एकही चूक नव्हती. तुम्ही प्रुफं तपासता ना?"

ढुंढिराज ताठ उठला. "तुम्ही सह्या करता ना?" म्हणाला आणि निघाला. फी त्यानं हप्त्याहप्त्यानं पुरी चुकवली, पण पायगुंड्यांच्या दारात पुन्हा पाऊल टाकलं नाही. मुलींच्या लग्नाच्या अक्षताही धाडल्या नाहीत.

घरी काकू जिन्यात त्याची वाट पाहत होत्या.

"किती लावणार?"

"काय?"

"भाडं. आता सरकारदरबारी लिहिलंय. सांग आकडा."

आनंदी आतून धावत आली. "काकू, असं काय करता? अहो, तुम्ही तरी नाही म्हणा!"

त्यानं नाही म्हणायचं होतं. तोंडाशी आलंही असेल. पण अंगणात वाचलेला तो परिच्छेद आणि मागून आलेलं ते "वाह" त्याच्या कानात भरलेलं होतं, आणि गल्लीत लोक त्याला बघून हसू दाबत होते. त्यानं आकडा सांगितला. रागानं सांगितला, म्हणून जरा चढा सांगितला. काकूंनी घासाघीस केली नाही. पहिल्या महिन्याचे पैसे तिथंच मोजले आणि म्हणाल्या, "पावती."

पुढच्या महिन्यात राग ओसरला होता, पण चुंगीचा हप्ता आला होता. मग त्यानं गरजेनं घेतले. तिसऱ्या महिन्यापासून सवयीनं. तूप बंद झालं, वाती बंद झाल्या. बापाच्या श्राद्धाला त्यानं धोतरजोडी बाजारातून आणली आणि मंत्र म्हणताना दोनदा अडखळला. शिवरामभट त्या पावसाळ्यात गेले, कुणाला काही न विचारता, न सांगता. छापखान्यात नवा माणूस आला, तर त्याला ढुंढिराजनं घराबद्दल काही सांगितलं नाही.

कार्तिकात वाईकडचा एक म्हातारा दारात आला. पाठीवर वळकटी, हातात काठी, अहिल्याबाई घाटाकडून चढून आल्यानं धाप लागलेली. म्हणाला, आमच्या गावचे एकजण इथं वारले, त्यांनी पत्रात लिहिलं होतं, काशीनाथपंत वझ्यांच्या घरी माणसाला मरायला जागा मिळते, भाडं विचारत नाहीत.

"काशीनाथपंत वारले," ढुंढिराज म्हणाला. "मी मुलगा. दोन खोल्या आहेत. टोकाची हवेशीर आहे." आणि भाडं सांगितलं.

म्हाताऱ्याला वाटलं आपण काही चुकीच्या दारात आलो. त्यानं घराकडे वर पाहिलं. वरच्या कठड्यावर कालिंदीकाकू वाळवण घालत उभ्या होत्या.

"या हो," त्या वरून म्हणाल्या. "घर चांगलं आहे. कुणी उपकार करत नाही इथं. पावती देतात."

 म्हाताऱ्यात दुसरं दार शोधत फिरायचं त्राण नव्हतं. त्यानं वळकटी खाली ठेवली, कनवटीची गाठ दातानं सोडली. ढुंढिराजनं पैसे घेतले, दोनदा मोजले, आणि आत जाऊन दौत-लेखणी घेऊन आला.